चेंडू फेकायला घाबरणारा कोच

या, जरा जवळ सरका. तिकडे दाराशी कसले बसता पाहुण्यासारखे, आणि तो मोबाईल पालथा घाला टेबलावर. तुम्हा लोकांचं हेच चुकतं, ऐकता एकीकडे आणि बघता दुसरीकडे. आमच्या कोचसमोर असं केलं असतंत ना, तर तो बोलायचाच थांबला असता. बोट खाली मातीकडे दाखवून म्हणाला असता, "पाय बघा काकू. चेंडू जायचा तिथे जाईल. आधी पाय बघा."

दिवसातून पन्नास वेळा तरी हे वाक्य यायचं. मुलांना जर्मनमध्ये, मला मराठीत, आणि कोणीच ऐकत नसलं तर स्वतःलाच. बोलता बोलता खाली उकिडवा बसायचा आणि बुटाचं टोक नाही, हाताची दोन बोटं मातीवर चालवून दाखवायचा. दोन बोटं म्हणजे दोन पाय. पंचेचाळिशीचा माणूस, अंगाने बारीक, डोक्यावर कानटोपी उन्हाळ्यातसुद्धा, आणि मातीत बोटं चालवतोय. नवीन पालक आले की त्यांना वाटायचं काहीतरी हरवलंय त्याचं.

आमचं गाव नेकारसुल्मपासून जवळच. माझे यजमान तिथल्या गाडीच्या कारखान्यात होते, त्यांच्याबरोबर मी चाळीस वर्षांमागे इथे आले. शिक्षण सातवीपर्यंत. जर्मन शिकले ते रेडिओ ऐकून आणि बाजारात वांगी निवडता निवडता. यजमान गेल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून गावाच्या खेळाच्या फेराइनमध्ये, म्हणजे आपल्याकडचं क्रीडा मंडळ म्हणा, शनिवारी चहा-कॉफीचं काउंटर सांभाळायला लागले. माझी नात इरा तिथल्या संघात खेळायची. मी वडे न्यायची. पहिल्या शनिवारी लोकांनी वास घेऊन बघितलं, तिसऱ्या शनिवारी रांग लागली.

आता खेळ कुठला ते सांगते, नाही तर तुमच्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येईल. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, सोललेल्या नारळाएवढा. अंगात चिलखत, डोक्याला हेल्मेट. आमच्या भागात पूर्वी अमेरिकन सैन्याच्या छावण्या होत्या. सैन्य गेलं, खेळ राहिला. शाळेतली मुलं-मुली फेराइनमध्ये येऊन खेळतात. संघाला कोच दोन. चेंडू समोरच्यांकडे असताना काय करायचं ते एक सांगतो, आपल्याकडे असताना काय करायचं ते दुसरा. ह्या दुसऱ्याला म्हणतात ऑफेन्स कोच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढाच हिशोब. पण सरकायचं कसं? एक तर चेंडू पोटाशी धरून माणसांच्या गर्दीतून धावायचं, नाही तर लांब फेकायचा आणि आपल्यातल्या कोणीतरी झेलायचा. सगळं भांडण इथेच आहे. घरात आमटी पातळ हवी की दाट ह्यावरून जसं पिढ्यान्‌पिढ्या चालतं ना, तसं.

तो आमचा ऑफेन्स कोच. धावण्याच्या बाजूचा.

मूळचा सांगलीकडचा. स्टुटगार्टला शिकायला आला आणि इथेच राहिला. कॉलेजात असताना खेळला थोडा, पण तब्येत अशी की पहिल्याच धक्क्यात बाकावर. तिथे बसून इतरांच्या चाली कागदावर काढायला लागला, तो काढतच राहिला. गेर्लिंगेनच्या बाजूला एका ऑफिसात नोकरी. अठरा वर्षं एकाच जातीच्या मोटारी तपासत होता. "काकू, तिथे माझं नाव नीट घेणारे दोघंच," म्हणायचा. "एक मी आणि एक सफाईवाली बाई, ती श्रीलंकेची आहे." मैदानावर मात्र नावाची गरजच नव्हती. तीस पोरं एका आवाजात 'कोच' म्हणून हाक मारायची आणि हा मान न वळवता हात वर करायचा. घरी कोणी नव्हतं. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, त्याबद्दल मी एकदा विचारलं आणि परत विचारलं नाही.

मराठी आहे हे मला कळलं कसं, तेही सांगते. मुलांना ओळीत उभं करून पावलं मोजत होता, आणि मोजता मोजता म्हणाला, "एक, दोन, अडीच." मी हातातली किटली खाली ठेवली. अडीच मोजणारा माणूस दुसरा कुठला असणार? सराव संपल्यावर आला, म्हटलं, "अरे, सरळ तीन म्हण की." जागच्या जागी उभा राहिला. मग म्हणाला, "तीनला सगळेच तयार असतात काकू. अडीचला कोणी नसतं."

तेव्हापासून तो माझ्या काउंटरचा झाला. बेकरीच्या कागदी पिशव्या फाडून त्यावर चाली काढायचा. गोल म्हणजे आपली मुलं, फुली म्हणजे त्यांची. वड्याचं तेल लागून अर्धे गोल पारदर्शक व्हायचे. मी म्हणायची, "तुझी निम्मी माणसं तेलात बुडाली." तो म्हणायचा, "ती बचावाची आहेत, बुडू देत."

शनिवारचा वाद हा आमचा सण होता. विषय ठरलेला. आजूबाजूच्या शाळांच्या संघांमध्ये सगळ्यात चांगला ऑफेन्स कोच कोण? सुरुवात करायचे हेर हाउक, हेर म्हणजे इकडचं श्रीयुत. दातांचे डॉक्टर, उंच, नेहमी इस्त्रीचा शर्ट. त्यांचा मुलगा चेंडू झेलण्यात हुशार, आणि आमचा कोच चेंडू फेकेचना, तेव्हा त्यांचं दुखणं काय ते कळलंच असेल तुम्हाला. हेर हाउक म्हणायचे, नदीपलीकडच्या गावचा तो तरुण कोच सगळ्यात चांगला. अमेरिकेतल्या शाळेत एक वर्ष राहून आलाय, सामन्यात तीस वेळा चेंडू फेकतो. आमचा म्हणायचा, सगळ्यात चांगला कोच लुडविग्सबुर्गच्या पुढच्या एका खेड्यातला म्हातारा व्यायामशिक्षक. त्याच्याकडे फक्त तीन चाली आहेत.

"तीन?" मी म्हणायची. "माझ्याकडे तीनच भाज्या असत्या तर माझा नवरा पळून गेला असता."

"तुमच्याकडे एकच वडा आहे काकू. रांग बघा."

"वडा गरम असतो. तुझी चाल सगळ्यांना आधीच ठाऊक असते."

"ठाऊक असून थांबवता येत नाही, ह्यालाच चाल म्हणतात."

"अरे, कबूल कर की, तुला चेंडू फेकायची भीती वाटते."

हे मी जर्मनमध्ये म्हणायची, मुद्दाम, हेर हाउकना ऐकू जावं म्हणून. मग हाउक टेबलावर थाप मारून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', करत हसायचे, तोही हसायचा, रांगेतली माणसं हसायची. दर शनिवारी हाच खेळ. 'चेंडू फेकायला घाबरणारा कोच' हे नाव त्याला मी दिलं. दुसऱ्या कोणी नाही. मी.

त्या नावात माया होती. आपल्या माणसाला आपण असंच बोलतो की नाही? घरच्या पोराला चार लोकांत 'हुशार' कोण म्हणतं? 'ध्यान आहे' म्हणतो आणि ताटात लाडू जास्त वाढतो.

आता इराचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी नात. तेव्हा चौदाची. अंगाने भरलेली, शाळेत तिला चिडवायचे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. मी म्हणायची "जेवून घे", ती म्हणायची "ग्लाइश", म्हणजे येते लगेच, आणि खोलीचं दार बंद. फुटबॉलला गेली ती मैत्रिणीच्या नादाने. मैत्रीण महिन्यात सोडून गेली, हिलाही सोडायचं होतं. पळता येत नाही म्हणून पोरं हसली होती.

त्याने तिला रांगेच्या मधोमध उभं केलं. ह्या खेळात मधला खेळाडू वाकून चेंडू मागे देतो, तेव्हाच खेळ सुरू होतो. तो माझ्या स्वयंपाकघरात आला, जमिनीवर चिकटपट्टीच्या रेघा मारल्या आणि तिला एक पाऊल टाकायला शिकवलं. एकच. डावं, सहा इंच. तीन आठवडे तेवढंच. मी पोळ्या लाटत होते आणि ही दोघं माझ्या पायांत. एकदा ती कंटाळून म्हणाली की हे कोण बघणार आहे, सगळे चेंडूकडे बघतात. तो म्हणाला, "तू हलली नाहीस तर बाकीचे दहा जण नुसते उभे राहतात. बघू दे त्यांना कुठे बघायचं ते." त्या वर्षी पोरगी पाठ सरळ ठेवून चालायला लागली. माझ्या मुलाने आणि सुनेने कितीक पैसे घालवले असतील तिच्या क्लासांवर, हे कोणाला जमलं नव्हतं. मी त्याला काय देऊ शकत होते? वडे. आणि टोमणे.

मग तो सामना आला. हंगामातला शेवटचा, नदीपलीकडच्याच गावाशी, त्या तरुण कोचच्या संघाशी. शेवटचं मिनिट, आम्ही चार गुणांनी मागे, चौथा प्रयत्न आणि दोन यार्ड बाकी. हेर हाउक कुंपणाला धरून ओरडत होते, फेका, फेका. त्यांचा मुलगा खरंच एका कडेला मोकळा उभा होता, मला काउंटरवरून दिसत होता. आमच्या कोचने धावायची चाल सांगितली. इराच्या उजवीकडून.

आणि इरा डावीकडे गेली.

दुसऱ्या कोणाला कळलं नाही. मला कळलं, कारण ते पाऊल मी माझ्या स्वयंपाकघरात शंभर वेळा बघितलं होतं. चेंडू घेऊन धावणारा पोरगा सरळ त्यांच्या अंगावर गेला आणि खाली. सामना संपला. मैदानावर सगळे जमले तेव्हा तो म्हणाला, "चाल माझी होती. चुकली." एवढंच, दोनदा. इरा हेल्मेट काढेना. घरी आल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि जर्मनमध्ये म्हणाली की आजी, मी चुकले आणि त्याला माहीत आहे. मी त्याला पुढच्या शनिवारी विचारलं, "अरे, पोरीचं पाऊल चुकलं, तू का अंगावर घेतलंस?" तो पिशवीवर गोल काढत होता. म्हणाला, "चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगावर टाकू का? माझं अंग आहे की." आणि मग, "कोणाला बोलू नका काकू."

मी बोलले नाही. पुढे तेच महागात पडलं.

हिवाळ्यात ठरलं की आमचा संघ आणि नदीपलीकडचा संघ एक करायचा. दोन्हीकडे मुलं कमी पडत होती. इकडे असं सर्रास होतं. सगळं एक झालं, कपडे, मैदान, बस. पण ऑफेन्स कोच एकच राहणार. आमचा किंवा तो तरुण. समितीने ठरवलं, सभासदांची बैठक घेऊ, दोघांबद्दल ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं, मग हात वर करून कौल. वर्षभर काउंटरवर चालायची ती गंमत आता टेबलावर कागद ठेवून होणार होती.

तो माझ्याकडे आला. बैठकीच्या दोन दिवस आधी, ऑफिसातून परस्पर, टाय तसाच. उभ्यानेच म्हणाला, "काकू, एक मागू?"

"अरे बस तरी."

"बैठकीत तुम्ही माझ्याबद्दल दोन शब्द बोला. सगळे सराव तुम्ही बघितलेत. तुमच्याइतकं कोणी बघितलेलं नाही."

"मी काय बोलणार? माझं जर्मन भाजी घेण्यापुरतं."

"तेवढं पुरे आहे," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसला आणि कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला दुसरं काही नाहीये काकू इथे."

असं तो कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, बोलते. चहा प्यायला आणि गेला.

फेराइनच्या सभागृहात साठेक माणसं. लांब टेबलं, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला एक बाई प्रोटोकोल लिहायला, म्हणजे सभेत कोण काय बोललं त्याची नोंद. अध्यक्षबाईंनी आधी हेर हाउकना बोलावलं. ते बोलले नीट, कागद बघून, त्या तरुण कोचबद्दल. आकडे वगैरे. आमच्या माणसाबद्दल वाईट असं काही बोलले नाहीत, मला ते आजही कबूल करावं लागतं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, आता आमच्या काउंटरच्या आजी बोलतील. तो भिंतीकडेला बसला होता, पाठ ताठ.

मी उभी राहिले. तुम्हाला आता मी जे केलं ते समजावून सांगायला हवं, आणि तुम्ही आपलीच माणसं आहात म्हणून समजेल.

माझ्या सासूबाई होत्या साताऱ्याला. पंगत बसली की पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आमच्या सूनबाईला काही येत नाही हो, गोड मानून घ्या." आणि लगेच चारी बाजूंनी सुरू व्हायचं, "छे हो, असं कसं, पोळी बघा किती मऊ." सासूबाई गप्प. त्यांना हेच ऐकायचं असायचं, आणि मला ऐकवायचं असायचं. आपल्या माणसाला आपण खाली ठेवायचं, वर उचलायचं काम लोकांचं. आपण उचललं तर ती बढाई. लहानपणापासून हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी त्याचा विचारसुद्धा करत नाही. पोरीला कोणी गोड म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कसली गोड, हट्टी आहे नुसती."

तर मी उभी राहिले आणि म्हटलं, "हा आमच्याकडचाच, तेव्हा मी ह्याचं काय कौतुक करणार. हट्टी आहे. कोणाचं ऐकत नाही. चेंडू फेकायला घाबरतो, हे तर तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे." आणि हसले. आणि थांबले.

मी वाट बघत होते. कोणीतरी म्हणेल, छे हो, असं कसं. एवढी पोरं शिकवली त्याने. कोणीतरी म्हणेल आणि मग मी धागा पकडेन, पावलाचं सांगेन, चिकटपट्टीचं सांगेन. पुढचं सगळं माझ्या मनात तयार होतं. रात्रभर आरशासमोर जर्मन जुळवलं होतं मी.

कोणी काही म्हटलं नाही. अध्यक्षबाई जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "मनमोकळेपणाबद्दल आभार." आणि सगळ्या सभागृहात ठकठक सुरू झाली. इकडे टाळ्या वाजवत नाहीत अशा वेळी, बोटांच्या पेरांनी टेबल वाजवतात. साठ माणसं टेबल वाजवत होती, आणि क्षणभर, तुम्हाला खोटं वाटेल, मला वाटलं ते त्याच्यासाठी वाजवतायत. मला वाटलं, झालं, उचललं त्यांनी त्याला. मी खाली बसले.

बसल्यावर बघितलं. प्रोटोकोलवाली बाई मान खाली घालून लिहीत होती. माझं एकेक वाक्य.

परत उठता आलं असतं मला. हात वर केला असता तर अध्यक्षबाईंनी बोलू दिलं असतं, त्या चांगल्या बाई आहेत. मी अर्धी उठलेसुद्धा. पण त्याला वाचवायचं तर त्या शेवटच्या सामन्याचं सांगायला हवं होतं, सगळे त्याच सामन्याबद्दल बोलत होते. आणि तिसऱ्या रांगेत इरा बसली होती, शाळेतल्या चार पोरांच्या मध्ये. मी तिच्याकडे बघितलं आणि बसून राहिले. पहिली चूक माझ्या वळणाची म्हणा हवं तर. ही दुसरी सगळी माझी.

हात वर झाले. तो तरुण निवडून आला. फरक मोठा नव्हता. हेर हाउक आमच्या कोचकडे जाऊन हात मिळवून आले, त्यानेही उभं राहून नीट मिळवला.

मी कोट न घालताच त्याच्यामागे बाहेर गेले. सायकलचं कुलूप काढत होता.

"अरे, थांब. मी पुढे बोलणार होते. ती नुसती सुरुवात होती."

"खरं बोललात काकू. तुमच्याकडून ऐकलं ते बरं झालं."

"खरं कसलं? ती आपली बोलायची पद्धत. तुला माहीत नाही का? माझी सासू..."

"पद्धत मला माहीत आहे." कुलूप निघत नव्हतं, बर्फाने धरलं होतं. "पण काकू, दर शनिवारी तुम्ही हेच म्हणायचात. हाच शब्द."

"ती थट्टा होती रे."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी पाय धरले असते, मला लाज नाही त्याची. तो नुसतं ओळखायचा प्रयत्न करत होता, ह्या बाईचं कुठलं बोलणं थट्टेचं आणि कुठलं मनातलं. वीस वर्षं ह्या देशात राहिलेला माणूस. इथे बोललेलं तेच मनातलं असतं, असं त्याच्याही अंगात मुरलं असणार. आणि मला तेव्हा कळलं की मी त्याला दोन वर्षांत एकदासुद्धा, सरळ, तोंडावर, चांगला आहेस असं म्हटलेलं नाही. एकदासुद्धा नाही. म्हटलं असतं तर त्या दिवशी त्याच्याकडे पकडायला काहीतरी असतं.

"आत जा काकू, थंडी आहे," म्हणाला आणि सायकल ढकलत गेला.

इरा घरी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "वारूम, आजी?" का म्हणून. मराठीत सांगितलं असतं ते तिला पटलं नसतं, म्हणून मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

प्रोटोकोल टपालाने आला. सहावा मुद्दा, माझं नाव, आणि पुढे छापील अक्षरांत: प्रशिक्षक हट्टी आहेत, इतरांचं ऐकत नाहीत, चेंडू फेकण्यास कचरतात. ह्यात माझं हसू कुठे छापलेलं नव्हतं. मी अध्यक्षबाईंकडे गेले, म्हटलं, हे बदला. त्या म्हणाल्या, दुरुस्ती पुढच्या सभेतच करता येते. पुढची सभा वर्षाने.

तोवर तो गेलाही. नोकरी बदलून हेर्त्सोगेनआउराखला. जाताना मुलांना भेटला, मला भेटायला आला नाही. फोनवर सांगितलं. मी म्हटलं, तिकडे खेळाच्या बुटांच्या मोठ्या कंपन्या, खेळाचं मोठं प्रस्थ आहे, कोच म्हणून घेतील तुला. तो म्हणाला, "सोडलं काकू ते."

वर्ष गेलं आणि सभा आली. ह्या वेळी इराच म्हणाली, सांग आजी, माझं पाऊल चुकलं तेही सांग. तिने स्वतः बसून माझं जर्मन सुधारून दिलं. मी उभी राहिले आणि दहा मिनिटं बोलले. न हसता. त्याच्यासारखा कोच ह्या भागात झाला नाही, असं म्हटलं. पाऊल, स्वयंपाकघर, चौथा प्रयत्न, सगळं. माझ्या आयुष्यात मी कोणाचं एवढं तोंडभर कौतुक केलेलं नाही, पोटच्या मुलाचंही नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. हेर हाउक खाली बघत होते. मग ठकठक झाली, तशीच, तेवढीच. प्रोटोकोलवाल्या बाईने लिहून घेतलं. आणि माझ्या शेजारी बसलेल्या नवीन पालकाने बायकोला हळूच विचारलं, "हे कोणाबद्दल?"

नवा कोच वाईट नाही हो. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं. संघ जिंकतो, हेर हाउकचा मुलगा झेलतो. परवा तो नवा कोच माझ्याकडे आला आणि आदराने म्हणाला, त्या जुन्या चाली काढलेले कागद तुमच्याकडे आहेत असं ऐकलं, बघायला मिळतील का? मी म्हटलं, टाकले. ते माझ्या कपाटात आहेत, साड्यांखाली.

शनिवारी काउंटरवर वाद अजून चालतो. चांगला कोच कोण, ह्याचा की त्याचा. नवीन नावं आली आहेत. मी वडे तळते आणि ऐकते. त्याचं नाव कोणी घेत नाही. मी एकदा घेतलं, तर हेर हाउक म्हणाले, "हो, हो, तो तुमचा, घाबरणारा." प्रेमानेच म्हणाले. त्यांच्या लक्षात तेवढंच राहिलंय.

दिवाळीत मी फोन केला आणि सांगितलं, नोंद दुरुस्त करून घेतली.  "कशाला काकू एवढं," म्हणाला. मग इरा अजून खेळते का ते विचारलं. येतो एकदा, म्हणाला. दरवेळी म्हणतो.

मागच्या महिन्यात माझा मुलगा कामासाठी तिकडे गेला होता. तिथल्या एका शाळेच्या मैदानाबाहेर आपला कोच त्याला दिसला. आत मुलं खेळत होती, साधाच आपला सराव, आणि हा कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा. माझ्या मुलाने गाडी थांबवून हाक मारली तर दचकला. म्हणाला, "सहज चाललो होतो." पण मुलगा पुढच्या वळणावरून मागे बघतो तर हा परत तिथेच, हात कोटाच्या खिशात घालून.

तुमच्यापैकी कोणी तिकडे राहत असाल तर त्याला माझं काही सांगू नका. मी असं म्हणाले, तसं म्हणाले, काही नको. माझ्या बोलण्याचं खूप झालं. आणि आता उठूच लागलात तर परत या, लवकर या, थंडी पडायच्या आत. येताना जमलं तर त्याला बरोबर घेऊन या. त्याला म्हणावं, काकू एक शब्द बोलणार नाहीत. नुसतं वाढतील.